अमेरिकेतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील कर्मचारी कोविडची लस घेण्यास का कचरत होते?

डिसेंबर २०२० मध्ये तेथे लसीकरण सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात साधारण शुश्रूषागृहातील सुमारे ७८ टक्के रहिवाशांनी लस घेतली, कर्मचाऱ्यांत मात्र हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपासच राहिले. याला निव्वळ अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लस घाईने तयार झाल्याची शंका आणि वंध्यत्वाची निराधार अफवा होतीच. परंतु तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या परिचारिका-साहाय्यकांना, ज्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, लशीनंतर ताप आल्यास बुडणाऱ्या रोजाची चिंता होती, आणि साथीच्या आरंभी ज्या व्यवस्थापनांनी पुरेसे मास्कही पुरवले नव्हते, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणे अनेकांना जड जात होते. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी वैद्यकीय प्रयोगासाठी कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसच्या उपचारांपासून वंचित ठेवल्याची आठवणही पुसलेली नव्हती.