टोकियोत चांगली सुशी कशी शोधावी?

प्रश्न : येत्या नोव्हेंबरात कार्यालयीन कामासाठी आठवडाभर टोकियोला जात आहे. पत्नीही सोबत येणार आहे. बालपण मालवणात गेल्याने ताज्या मासळीची मला पारख आहे, पण सुशीच्या बाबतीत ती कितपत उपयोगी पडेल? नावाजलेल्या दुकानांत आरक्षण मिळत नाही आणि उरलेल्यांतून निवड कशी करावी ते उमगत नाही. पत्नी शाकाहारी आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नावाजलेल्या दुकानांचा नाद आपण आधीच सोडावा, हे उत्तम. ‘सुकियाबाशी जिरो’ आणि ‘सुशी साइतो’ ही ‘मिशेलिन’ या उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन तारे मिरवणारी दोन दुकाने तिच्या २०२० च्या टोकियो आवृत्तीतून वगळली गेली, ती दर्जा घसरला म्हणून नव्हे, तर सर्वसामान्य ग्राहकाला तेथे आरक्षणच करता येत नाही म्हणून. तोयोसूच्या मासळी बाजारातल्या प्रसिद्ध दुकानांपुढे पहाटेपासून लागणाऱ्या रांगेतही मला फारसे तथ्य वाटत नाही. २०१८ साली त्सुकिजीचा घाऊक बाजार तेथे हलला आणि त्याच बाजारातला मासा शहरभरच्या दुकानांत जातो. मग बाजाराच्या दाराशी तिष्ठत उभे राहण्याचे कारण काय?

आपली मालवणी पारख मात्र थोडी बाजूला ठेवावी लागेल. कल्ले लाल आहेत की नाहीत, डोळा चकचकीत आहे की नाही, हे पाहण्याची संधी गिऱ्हाइकाला सहसा मिळत नाही, कारण त्याच्यासमोर येतो तो साफ करून कापलेला मासा. शिवाय तो नुकताच पकडलेला असला म्हणजेच चांगला, असेही नाही. ट्यूनासारखा मोठा मासा मुद्दाम काही दिवस थंडाव्यात मुरवतात, तेव्हा कुठे त्याला चव येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली सुशी रूढ झाली तेव्हा बर्फाची सोय नव्हती, त्यामुळे मासा मीठ-व्हिनेगरमध्ये ठेवणे, सोया सॉसमध्ये मुरवणे किंवा शिजवणे हाच त्या कलेचा गाभा ठरला. म्हणून नव्या दुकानात गेल्यावर ट्यूनाच्या चरबीदार तुकड्यावरून मत बनवू नये. तो पैसे मोजले की कोणालाही आणता येतो. तारलीच्या जातकुळीतला रुपेरी कोहादा मागवावा. मीठ आणि व्हिनेगर किती वेळ लावायचे याचा अंदाज चुकला, तर तो एक तर उग्र लागतो, नाही तर नुसता आंबट. त्यानंतर अनागो, म्हणजे शिजवलेली समुद्री वाम, घ्यावी. ती तोंडात विरघळली पाहिजे.

याहून महत्त्वाचा आहे भात, आणि नवखे लोक नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. तो गार नसावा, साधारण अंगाइतका कोमट असावा. बोटांनी उचलताना घट्ट राहावा आणि जिभेवर शिते मोकळी व्हावीत. काही ठिकाणी तो किंचित तांबूस दिसेल, तो साके या तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून केलेल्या लाल व्हिनेगरमुळे. कारागिराने वरून सोया सॉस आधीच लावला असेल, तर पुन्हा बुडवू नये, आणि फोटो काढण्यात वेळ न घालवता लगेच खावे.

दुकान शोधण्यासाठी ‘ताबेलोग’ हे जपानी संकेतस्थळ पाहावे. तेथे गुण देताना हात फार आखडता असतो, त्यामुळे पाचपैकी साडेतीन गुण दिसले की दुकान चांगले समजावे. पर्यटकांच्या पावणेपाच ताऱ्यांपेक्षा मी त्यावर अधिक विसंबेन. निवासी वस्तीतल्या स्टेशनाजवळचे, आठ-दहा जणांच्या काउंटरचे दुकान हेरून दुपारी जावे. अशा ठिकाणी ‘नामी’, ‘जो’ आणि ‘तोकुजो’ अशा चढत्या प्रतींची ठरावीक किमतीची ताटे बहुधा असतात. कारागिराच्या मर्जीवर सोपवायचे ‘ओमाकासे’ जेवणही दुपारी बरेच स्वस्त पडते. गिंझासारख्या महागड्या भागात रात्री त्यासाठी ३०,००० येनहून अधिक सहज लागतात. फलकावर किमतीच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिले असेल, तर मागवण्यापूर्वी भाव विचारण्यात संकोच नसावा. रविवारी आणि काही बुधवारी तोयोसूचा बाजार बंद असतो, म्हणून अनेक चांगली दुकानेही त्या दिवशी बंद असतात. आरक्षण हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून करून घ्यावे, ते पाळावे आणि जाताना अत्तर लावू नये.

पत्नीला मात्र ओमाकासेला नेऊ नये. काकडीचा ‘कप्पामाकी’ किंवा लोणच्याचा ‘ओशिंको’ अशा भाताच्या गुंडाळ्यांवर तिची बोळवण होईल. अंड्याच्या वडीत, भोपळ्याच्या ‘कान्प्यो’त आणि टोफूच्या ‘इनारी’त बहुधा सुकवलेल्या माशाचे पाणी असते, त्यामुळे वरून शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांचीही चौकशी करावी. सुशी आपण दुपारी एकट्याने खावी आणि रात्री दोघांनी एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईला जावे. तेथे भारतीयांची मोठी वस्ती असून भारतीय जेवणाची उपाहारगृहेही आहेत.