एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका
रिपोर्टमध्ये 'ऑस्टिओफाइट', म्हणजे सांध्याच्या कडेला वाढलेलं हाड, असं वाचून तुमची झोप उडाली असेल, माझीही उडाली होती. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली की शरीर कडेला नवं हाड घालून सांधा सावरायला बघतं. पुष्कळांना त्याचा त्रासही होत नाही. ते विरघळवणारं औषध नाही, तसल्या जाहिरातींवर पैसे घालवू नका, कळकळीने सांगतो. गुडघा असेल तर मांडीचे स्नायू बळकट करा, व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिका. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरलं तरी चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो. माझा गुडघा यानेच सावरला, पण महिने लागले. मणक्यात हाड वाढलं असेल आणि हातपाय बधिर झाले, ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.