वाचकांचे प्रश्न : युद्धावर गेलेल्या पूर्वजाचा माग

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढायला गेले होते आणि सुखरूप परतले. घरात त्यांचं रुप्याचं एक पदक आहे. इंटरनेटवर त्यांचं नाव टाकून खूप शोधलं, पण काहीच लागत नाही. नोंद कुठे मिळेल? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाव तूर्त बाजूला ठेवा आणि पदक हातात घ्या. रुप्याच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठसवलेली असते. चिंच लावून ते घासू नका, अक्षरं उथळ असतात आणि दर घासणीला झिजतात. बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पाडा आणि पदक थोडं थोडं फिरवत कडेचे फोटो काढा. चांदणीच्या आकाराचं ब्राँझचं पदकही असेल तर हाच मजकूर त्याच्या पाठीवर मिळेल. आणि वॉर मेडलच रुप्याऐवजी ब्राँझचं निघालं, तर ते बहुधा भिस्ती, स्वयंपाकी अशा बिनलढाऊ नोकरीत किंवा मजुरांच्या तुकडीत होते. त्यांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो.

नंबर इतका मोलाचा का? एकाच पलटणीत चार-चार ‘गणू शिंदे’ असत, आणि कारकून कधी आडनाव लिही, कधी बापाचं नाव. पण नंबर पलटणीपुरताच असे. ११४व्या पलटणीतला आणि ११७व्या पलटणीतला तोच नंबर म्हणजे दोन वेगळी माणसं. म्हणून नंबर आणि पलटण ही जोडीच टिपून ठेवा.

त्या काळी मराठ्यांच्या पलटणी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२मध्ये त्या एकत्र करून ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. जुन्या कागदांत ‘मराठा’चं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं आहे, आजच्या स्पेलिंगने शोधाल तर निम्मे कागद हुकतील. पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर लक्ष द्या, कारण या तिन्ही आजच्या इराकमधल्या कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या कैदेत गेल्या. पण नुसत्या पलटणीवरून ‘पणजोबा कैदेत होते’ असं ठरवू नका. या पलटणी पुढे नव्याने उभ्या केल्या गेल्या. १९१४–१५ची ब्राँझची चांदणी असेल, म्हणजे ते १९१५ संपण्याआधी आघाडीवर पोचले होते, तर कूटची शक्यता बरीच वाढते.

शिपायाचे वैयक्तिक कागद लंडनला नाहीत, तिकडे पैसे भरू नका. लाहोरला सापडलेल्या पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदवह्यांची बातमी वाचून अनेकजण आशेने पाहतात, पण त्या फक्त पंजाबच्या आहेत. अर्ज करायचा तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. नंबर, पलटण, बापाचं नाव, गाव, तालुका आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे सेवाकागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणून अर्जात ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ एवढंच न लिहिता ‘लाँग रोलमधली नोंद’, म्हणजे भरती झालेल्यांच्या नामवहीतली नोंद, असं स्पष्ट मागा. एवढ्या जुन्या माणसाबाबत तीही मिळेलच असं नाही. मात्र पलटण कळली की लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत तिची युद्धरोजनिशी बघता येते. त्यात अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे बहुतेक आकडेच. तरी कुठल्या दिवशी पलटण कुठे होती हे नेमकं कळतं. गावातली ‘या गावातून इतके लोक गेले’ अशी संगमरवरी पाटीही आकडाच देते.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी फक्त मेलेल्यांची आहे. परतलेले पणजोबा तिथे सापडणार नाहीत.

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीवर खलाशी होते. बोट बुडाली, ते आलेच नाहीत. बोटीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. – एक वाचक, देवगड

उत्तर : इथे मात्र कमिशनची यादीच पहिली, आणि ती फुकट बघता येते. मुंबई-चितगाव १९३९–१९४५ स्मारकावर सुमारे सहा हजार नाविक-खलाशांची नावं आहेत. त्याची नामवही मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. शोधताना सिंधुदुर्ग टाकू नका, हा जिल्हा १९८१चा. देवगड, मालवण, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरीत होते, कुडाळ आणि सावंतवाडी हे सावंतवाडी संस्थानात. शेजारच्या रायगडचं नाव कुलाबा होतं. नोंद लागली की तिच्यातच बहुधा बोटीचं नाव आणि तिचं नोंदणीचं बंदर मिळतं. मग त्या बोटीचा अधिकृत क्रमांक काढा, कारण लंडनमधल्या बीटी ३८१ या मालिकेत युद्धकाळातले खलाशांचे करार आणि बोटींच्या लॉगबुका क्रमांकानुसार लावल्या आहेत.

प्रश्न : आईचे आजोबा इंग्रज सोल्जर होते, पहिल्या महायुद्धात लढले. पुढे मुंबईत लग्न करून राहिले. – एक वाचक, दापोली

उत्तर : सप्टेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात लंडनचं कोठार जळालं आणि गोऱ्या शिपायांचे सुमारे साठ टक्के कागद गेले. उरलेले होरपळलेले कागद डब्ल्यूओ ३६३मध्ये आहेत. तिथे काही नसेल तर पदकांची कार्डं, म्हणजे डब्ल्यूओ ३७२, बघा. नंबर जुळला नाही तर लगेच सोडून देऊ नका. १९१७मध्ये टेरिटोरियल फोर्सच्या (अर्धवेळ स्वयंसेवकांच्या दलाच्या) शिपायांचे आणि १९२०मध्ये सगळ्या सैन्याचे नंबर बदलले, त्यामुळे एकाच माणसाचे दोन-तीन नंबर असू शकतात.

तुमच्यासाठी मात्र सर्वांत सोपा रस्ता मुंबईतल्या लग्नाचा आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या लग्न-बाप्तिस्म्यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. नवरा सैन्यात असला तर हुद्दा आणि पलटण तिथेच लिहिलेली असते, शिवाय बापाचं नावही. आधी हे लग्न शोधा, तारीख अंदाजे असली तरी चालेल, आणि मगच सैन्याच्या कागदांकडे वळा.