नाव तेच, पासवर्ड तोच, तरी जुन्या फाइल 'परमिशन नाही' का म्हणतात

तुमचं म्हणणं थोडक्यात असं ना, की नवीन एसएसडी टाकून विंडोज ११ नव्याने टाकलं, जुनी १ टीबीची हार्ड डिस्क तशीच कॅबिनेटमध्ये ठेवली, ती आता डी म्हणून दिसतेय, युजरचं नाव मुद्दाम पूर्वीचंच 'घर' ठेवलं, पासवर्डही तोच, आणि तरीसुद्धा जुन्या युजर्समधल्या 'घर' फोल्डरवर क्लिक केलं की "यू डोन्ट करंटली हॅव परमिशन" येतं. कंटिन्यू दाबलं की काही फोल्डर उघडतात, काही नाही. मग तुम्ही डी वरच 'जुना डेटा' नावाचा नवीन फोल्डर करून जे उघडलं ते त्यात कट-पेस्ट केलं, तर आता फाइल उघडतात पण सेव्ह करताना अ‍ॅक्सेस डिनाइड. कोणी सांगितलं एव्हरीवनला (म्हणजे पीसीवरच्या सगळ्यांनाच) फुल कंट्रोल द्या, कोणी सांगितलं फॉरमॅट मारा. दोन्ही आत्ता करू नका, शांतपणे वाचा, डेटा कुठेही गेलेला नाही.

पहिली गोष्ट. विंडोजला तुमचं नाव माहीतच नसतं हो. 'घर' हे नाव फक्त आपल्याला दिसायला असतं. आत प्रत्येक अकाउंटला एक लांबलचक नंबर असतो, त्याला एसआयडी म्हणतात, एस-१-५-२१ ने सुरू होतो, मग तीन मोठे आकडे जे त्या इन्स्टॉलेशनचे, आणि शेवटी अकाउंटचा स्वतःचा आकडा, घरगुती पीसीवर बहुतेक १००१ वगैरे. विंडोज नव्याने टाकलं की ते मधले तीन आकडे नवीन तयार होतात. म्हणजे जुना 'घर १००१' आणि नवा 'घर १००१' हे एकाच नावाचे दोन वेगळे इसम झाले. आणि फाइलवर नाव नाही, नंबर लिहिलेला असतो. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हूअ‍ॅमआय /युजर टाका, तुमचा आत्ताचा नंबर दिसेल, आणि जुन्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब बघा, तिथे "अकाउंट अननोन" आणि पुढे वेगळाच नंबर दिसेल. तो तुमचा जुना अवतार. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

मी दुकानात गिऱ्हाइकांना हे सातबाऱ्यावरून सांगायचो. आजोबांच्या नावाची जमीन, नातवाचं नावही तेच ठेवलंय, म्हणून तलाठी काही फेरफार केल्याशिवाय जमीन नातवाची म्हणत नाही. बरं, अजून एक बारकावा, फेरफार होऊन मालक म्हणून नाव लागलं तरी विहिरीच्या पाण्याचा हक्क वेगळा लिहावा लागतो, तसंच विंडोजमध्ये मालक होणं वेगळं आणि वाचायची-लिहायची परवानगी असणं वेगळं. मालकाला एवढाच हक्क असतो की तो परवानगीची यादी बदलू शकतो. बरेच लोक ओनर बदलतात, तरी फाइल उघडत नाही म्हणून वैतागतात, ते याचमुळे, अर्धंच काम झालेलं असतं.

आता तुमचं कट-पेस्टचं कोडं. कंटिन्यू दाबल्यावर एक्सप्लोरर त्या फोल्डरच्या यादीत तुमचं नवीन नाव कायमचं घालतो, तात्पुरतं नाही. पण आतल्या ज्या फोल्डरने वरून येणारी परवानगी घ्यायची थांबवलेली असते तिथपर्यंत ते पोचत नाही, म्हणून काही उघडतात, काही नाही. आणि कट-पेस्टचा नियम असा आहे की फाइल त्याच ड्राइव्हवर हलवली तर ती आपली जुनी यादी बरोबर घेऊन जाते, कॉपी केली किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर नेली तर तिथल्या फोल्डरची यादी घेते. तुम्ही डी वरून डी वरच हलवलंत, म्हणजे सामान खोली बदलून ठेवलं पण कुलपं जुनीच राहिली. हेच सी वर कॉपी केलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एसएसडीवर जागा असेल तर परमिशन दुरुस्त करत बसूच नका, परमिशन न आणता नुसता डेटा आणा. विंडोजमध्ये रोबोकॉपी ही फाइल कॉपी करायची कमांड आधीपासूनच असते, वेगळं काही डाउनलोड करायचं नाही. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि असं द्या:

रोबोकॉपी "जुन्या डॉक्युमेंट्सचा पूर्ण पाथ" "नव्या डॉक्युमेंट्समध्ये केलेल्या फोल्डरचा पाथ" /ई /बी /एक्सजे /कॉपी:डीएटी /आर:१ /डब्ल्यू:१

यातलं प्रत्येक का ते सांगतो कारण आंधळेपणाने टाकलेल्या कमांडने लोकांचं नुकसान झालेलं मी बघितलंय. ई म्हणजे सगळे सबफोल्डर, रिकामेसुद्धा. बी म्हणजे बॅकअप मोड, ही खरी चावी आहे, अ‍ॅडमिनला बॅकअप घ्यायचा हक्क असतो आणि त्या हक्काने वाचलं की फाइलची यादी आडवी येत नाही, म्हणजे जुन्या डिस्कवर काहीही न बदलता सगळं वाचता येतं. एक्सजे जंक्शन, म्हणजे दुसऱ्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी फसवी दारं, टाळतं, त्याबद्दल खाली बोलतो. डीएटी म्हणजे डेटा, अ‍ॅट्रिब्यूट, तारखा, बस, सिक्युरिटी नाही. हे तसं डीफॉल्टच आहे पण मी लिहितोच, कारण नेटवर सगळीकडे कॉपीऑल लिहिलेलं असतं आणि लोक ते टाकून जुने नंबर इमानेइतबारे नव्या डिस्कवर घेऊन येतात. आर आणि डब्ल्यू मात्र विसरू नका, डीफॉल्टला रोबोकॉपी एका अडकलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतो. खोटं वाटेल, पण एकाने दोन दिवस पीसी चालू ठेवला होता, कॉपी चालू आहे म्हणून.

डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज सगळ्यांना हीच कमांड वेगवेगळी चालवा. फोल्डरची नावं मराठीत असतील, 'आईचे फोटो', 'लग्न' वगैरे, तर काळ्या खिडकीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील, घाबरू नका, फाइलची नावं खराब होत नाहीत, नुसतं तिथे दिसत नाही. नीट यादी हवी असेल तर /युनिलॉग लावून लॉग फाइलमध्ये घ्या, ती नोटपॅडमध्ये स्वच्छ मराठीत वाचता येते.

पूर्ण 'घर' फोल्डर उचलून नव्या 'घर' वर ओतू नका. हा मोह सगळ्यांना होतो. त्यात एनटीयुजर डॅट नावाची फाइल असते, म्हणजे तुमची रजिस्ट्री, अकाउंटच्या सेटिंग्जची वही, तिच्या आतसुद्धा जुन्याच नंबरच्या परवानग्या आहेत, ती नव्यावर बसवली की लॉगिन केल्यावर टेंपररी प्रोफाइल मिळतं आणि मग आणखी एक नवीन प्रश्न विचारायला यावं लागतं. अ‍ॅपडेटा, म्हणजे 'घर' मधला सॉफ्टवेअरची सेटिंग्ज ठेवणारा लपलेला फोल्डर, त्यातलं निवडून घ्या. फायरफॉक्स आणि थंडरबर्डची प्रोफाइलं त्यातल्या रोमिंग फोल्डरमध्ये असतात, ती आणली की चालतात, मेलसकट. क्रोमचे सेव्ह केलेले पासवर्ड मात्र फोल्डर आणून मिळणार नाहीत, ते जुन्या अकाउंटच्या चावीने बंद केलेले असतात. गूगल अकाउंटला सिंक असतील तर तिकडून येतील, नाहीतर पासवर्ड रीसेट करत बसा, दुसरा सरळ उपाय नाही.

आता समजा डेटा ५०० जीबी आणि एसएसडी २५६ ची, तर डी वरच ठेवून दुरुस्ती करावी लागेल. त्यासाठी दोन कमांड, पुन्हा अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये, आणि फक्त तुमच्या 'जुना डेटा' फोल्डरवर. आधी टेकओन /एफ "फोल्डरचा पाथ" /आर /डी वाय, हा तुमचा फेरफार, मालक तुम्ही झालात. मग आयकॅकल्स, स्पेलिंग आय सी ए सी एल एस, पुढे "फोल्डरचा पाथ" /रीसेट /टी /सी. रीसेट म्हणजे जुनी यादी फाडून टाकायची आणि वरच्या फोल्डरकडून येते ती घ्यायची. टी म्हणजे आतलं सगळं, सी म्हणजे एखाद्या फाइलवर अडलं तरी पुढे चालत राहा. शेवटी "इतक्या फाइल फेल" असा आकडा येतो, तो शून्य आला की झालं. माउसनेच करायचं असेल तर सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, ओनरसमोर चेंज, खाली "रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स" टिक, ओके, बंद करून परत उघडा, मग "रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन" टिक. होतं तसंही, पण हजारो फोटो असले की खिडकी अडकल्यासारखी वाटते आणि माणूस मध्येच कॅन्सल दाबतो, मग अर्धे इकडचे अर्धे तिकडचे. एक लक्षात ठेवा, डी वर असं रीसेट केलेलं सहसा त्या पीसीवरच्या बाकी अकाउंटनाही उघडता येतं, मुलांचं वेगळं अकाउंट असेल आणि त्यांनी हात लावू नये असं काही असेल तर ते सी वरच्या तुमच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्येच ठेवा.

टेकओन अख्ख्या युजर्स फोल्डरवर चालवू नका म्हणतो त्याचं कारण ते जंक्शन. व्हिस्टापासून विंडोजने एक्सपीच्या जुन्या नावांची फसवी दारं ठेवली आहेत, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, माय म्युझिक, अ‍ॅप्लिकेशन डेटा. हिडन फाइल दाखवल्या की दिसतात आणि क्लिक केलं की अ‍ॅक्सेस डिनाइड. तो बिघाड नाही, मुद्दामच कोणालाही यादी दिसू नये असं केलेलं आहे, खरा डेटा दुसरीकडे असतो. यातली अ‍ॅपडेटाच्या लोकलमधली अ‍ॅप्लिकेशन डेटा ही तर स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवते, तिथली बंदी उठवली की कॉपी गोल गोल फिरत बसते, एकात एक, एकात एक.

आणि सी च्या मुळावर तर कधीच नाही. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एक डीटीपीवाले आले होते, ऐन लग्नसराई, पत्रिकांच्या पेजमेकर फाइल सेव्ह होत नव्हत्या. मी शहाणपणा करून अख्ख्या सी ची मालकी घेतली आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला, खाली सगळीकडे. फाइल सेव्ह व्हायला लागल्या, त्यांनी चहा पाजला, मी पैसे घेतले. चार दिवसांनी परत आले, अपडेट होईना, दोन सॉफ्टवेअर उघडेनात. विंडोजच्या स्वतःच्या फाइलचा मालक ट्रस्टेड इन्स्टॉलर असतो, तो मीच काढून टाकला होता, आणि कुठे काय होतं हे परत आठवून बसवणं शक्य नव्हतं. रात्रभर बसून नवीन विंडोज टाकून दिलं, फुकट. एव्हरीवन फुल कंट्रोल म्हणजे कुलूप बिघडलं म्हणून दारच काढून ठेवणं, एखादा व्हायरस आला तर त्यालाही तेच मोकळं दार.

तुम्ही लिहिलंय की फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची टिक काढली तरी परत येते. ती विसरून जा. फोल्डरवरच्या त्या चौकोनाचा परवानगीशी काही संबंध नाही, त्यावर लोकांनी आयुष्यातले किती तास घालवलेत देव जाणे.

इतकं करूनही ठरावीक फाइल उघडल्या नाहीत तर तीन शक्यता बघा. फाइलच्या आयकॉनवर छोटं कुलूप असेल किंवा नाव हिरवं दिसत असेल तर ती ईएफएसने, म्हणजे विंडोजच्या फाइल कुलूपबंद करायच्या सोयीने, एन्क्रिप्ट केलेली आहे, तिथे मालकी घेऊन काही होत नाही, जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट पाहिजे, पीएफएक्स फाइल कधी काढून ठेवली असेल तर शोधा. होम एडिशन असेल तर हा प्रकार बहुधा नसेलच. वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या काही फाइल "क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग" म्हणत असतील तर त्या डिस्कवर कधी नव्हत्याच, नुसती पाटी होती, वनड्राइव्हला लॉगिन करून तिथून घ्या. आणि परवानगी बरोबर असून एखाद्याच सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करता येत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू आहे का बघा, तिथे त्या सॉफ्टवेअरला अलाउ करावं लागतं. हे मला एकदा अर्धा दिवस सापडलं नव्हतं.

(बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय, असतं तर तुम्हाला ड्राइव्हच उघडला नसता, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली असती, म्हणजे ते तुमच्याकडे नाहीये.)

एकाने लिहिलंय की लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं तर सगळं उघडतं. खरंय, कारण लिनक्स तिथे विंडोजची ही यादी साधारणपणे जुमानत नाही. घाईत चार फोटो काढायला ठीक आहे, पण तुमचं विंडोज चालू असताना त्याची गरज नाही. शिवाय यावरून हेही कळेल की ही परमिशन म्हणजे तिजोरी नाही, डिस्क दुसऱ्याच्या हातात गेली की डेटा गेला, पीसी विकायचा विचार असेल तर ध्यानात असू द्या.

आता क्रम. आधी हूअ‍ॅमआय बघा, मग रोबोकॉपीने डॉक्युमेंट्स एकटंच आणून बघा, दोन-तीन फाइल उघडून, काहीतरी बदलून, सेव्ह करून बघा. मग बाकीचं. सगळं आलंय याची खात्री व्हायला आठवडाभर डी तसाच राहू द्या. त्यानंतर डी वरचे जुने विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स फोल्डर एकेक डिलीट करायला जाऊ नका, ते ट्रस्टेड इन्स्टॉलरचे आहेत, प्रत्येक ठिकाणी अडवतील. डी वर काही ठेवायचं असेल तर ते एका एक्स्टर्नलवर कॉपी करा आणि मग डी फॉरमॅट मारा, पण त्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये नक्की बघा की बूटचं छोटं पार्टिशन नव्या एसएसडीवर आहे, जुन्या डिस्कवर नाही. जुनी डिस्क आत लावलेली असतानाच विंडोज टाकलं असेल तर बरेचदा ते जुन्यावरच राहतं. तिथे काय दिसतंय ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.