दाभोळ खाडीपलीकडच्या मायक्रोवेव्ह लिंकसाठी १.२ मीटरच्या जुन्या डिशला हॉर्न (फोकसवर बसून डिशवर लहरी टाकणारा भोंगा) कसा निवडावा?

आधी डिशची खोली मोजा. काठापासून काठापर्यंत सुतळी ताणा, मधोमध पट्टी उभी धरा. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट, हे फोकसचं अंतर. खोली १८.७५ सेंटीमीटर आली तर फोकस ४८ सेंटीमीटरवर आणि तिथून डिशचा काठ अक्षापासून ६४ अंशांवर दिसतो. काठावर पोचणाऱ्या लहरींचा जोर मध्यापेक्षा साधारण ११ डेसिबल (जोर मोजायचं माप) कमी हवा. फोकसपासून काठ मध्यापेक्षा लांब, त्यामुळे त्यातले ३ त्या जास्तीच्या अंतरातच जातात, म्हणून ६४ अंशांवर ८ डेसिबल उतरणारा हॉर्न घ्या. तोंड मोठं झालं तर काठ फुकट जातो, लहान झालं तर ऊर्जा बाहेर सांडते.

हे गणित सोपं हो, आपल्याकडे खरा छळ पावसाचा. हॉर्नच्या तोंडाला टेफ्लॉनचा पातळ पडदा लावाच. मी आळस केला. श्रावणात उघडला तर आत चमचाभर पाणी, पितळी स्क्रू हिरवेगार.