पाच वाजताच्या भुकेचं आधी बघ

अरे,

तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. वाकडला तिघांत फ्लॅट, हिंजवडीला ऑफिस, संध्याकाळी साडेसहापासून अमेरिकेवाल्यांचे कॉल, घरी पोचायला दहा, आणि या सगळ्यात दोन वर्षांत 71 किलोचा 82 झालास. आणि आता सोमवारपासून दुपारचं जेवणच बंद करणार म्हणतोस. ते नको करूस, प्लीज. तुझं वजन दुपारच्या जेवणाने वाढलेलं नाहीये, आणि ते बंद केलंस ना तर जिथे खरी गडबड आहे तिथे ती अजून वाढेल.

तू दिवसभराचं खाणं प्रामाणिकपणे लिहून पाठवलंस ते फार बरं केलंस. मी ते वेळेप्रमाणे मांडून बघितलं. सकाळी चहा आणि खारी, एक वाजता कँटीनची थाळी, मग मशीनचा चहा दोनदा, साडेपाचला खाली टपरीवर वडापाव नाहीतर समोसा, कधी दोन्ही, आणि मग रात्री दहाला पोटात आग पडलेली असताना रूममेट जे मागवतील ते. बिर्याणी, नूडल्स, पराठे. म्हणजे एक ते दहा हे नऊ तास तुझ्याकडे खऱ्या जेवणासारखं काही नाहीच आहे. त्या नऊ तासांत डोकं भरपूर काम करतं, शरीर एका खुर्चीत बसलेलं असतं, आणि भूक मात्र पाचलाच येऊन उभी राहते. त्या वेळी तुझ्या बॅगेत काही नसतं म्हणून समोसा जिंकतो. यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, तू उगाच स्वतःला दोष देत बसू नकोस, दिवसभर थकलेल्या माणसाने गरम वडा बघून नाही म्हणावं ही अपेक्षाच चुकीची आहे. डबा नाश्त्यापासून ठरवायला सुरुवात करतात सगळे, तू साडेपाचपासून कर.

म्हणजे काय, तर संध्याकाळचं खाणं हे स्नॅक समजू नकोस, ते तुझं अर्धं रात्रीचं जेवण आहे असं धर. एखादं सफरचंद किंवा दोन मारी बिस्किटं खाऊन ते भागणार नाही, तासाभरात परत भूक लागेल आणि तेव्हा तू कॉलवर असशील. त्यात प्रोटीन पाहिजे आणि चावायला वेळ लागेल असं काहीतरी पाहिजे. उकडलेले हरभरे किंवा हिरवे मूग, वर कांदा टोमॅटो लिंबू. दोन उकडलेली अंडी आणि एक काकडी. घरून नेलेले चुरमुरे, त्यात मोड आलेली मटकी, कांदा, कोथिंबीर, थोडे शेंगदाणे, शेव फरसाण नाही, अशी भेळ दहा मिनिटांत डेस्कवर होते. फुटाणे मूठभर आणि वाटीभर दही. आणि तू सोलापूरचा ना, मग तुझ्याकडे तर सगळ्यात भारी गोष्ट आहे, कडक भाकरी! ज्वारीची ती पातळ कडक भाकरी नीट डब्यात ठेवली तर आठवडे टिकते, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहते, एक मोडून दह्याबरोबर खाल्लीस वर चमचाभर शेंगाचटणी की झालं. फक्त शेंगाचटणी आणि शेंगदाणे मोजून घे. शेंगदाणा चांगलाच, प्रोटीनही आहे, पण 30 ग्रॅमची एक मूठ म्हणजे 170 च्या आसपास कॅलरी होतात, आणि पिशवी समोर उघडी ठेवून कॉल ऐकत बसलं की तीन मुठी कधी जातात कळत नाही. छोट्या डबीत काढून ने.

हे खाणं पाच ते सहाच्या मधे, कॉल सुरू व्हायच्या आत. नंतर खाईन म्हणालास तर राहतं ते, मला माहितीये हे कॉल कसे लांबतात.

आता तू विचारलंस की माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, इतका काही वाईट नाहीये ना. तुझी उंची पाच फूट सात इंच धरली तर तो 28 च्या वर येतो. इंटरनेटवरच्या चार्टमध्ये 30 पासून लठ्ठ दाखवतात म्हणून तुला बरं वाटलं असेल, पण आपल्या लोकांसाठी डॉक्टर 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. याचं कारण आपल्या पुण्यातच अभ्यासलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचाही बीएमआय सारखाच, 22.3, आणि शरीरातली चरबी मोजली तर युडकिनची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणजे आपल्यात बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असं असू शकतं, आणि ती बरीचशी पोटावर. म्हणून नुसता काटा बघू नकोस, कंबर मोज. टेप बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांसाठी 90 सेंटीमीटरच्या आत पाहिजे. आणि म्हणूनच मी प्रोटीनवर एवढा जोर देतेय, जेवण बंद करून वजन उतरवलंस तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते आपल्याकडे आधीच कमी आहेत.

प्रोटीन किती, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम सांगितलंय, म्हणजे तुला 68 ग्रॅमच्या आसपास. तुझ्या आत्ताच्या खाण्यात ते निम्म्यालाही येत असेल असं मला वाटत नाही. दोन अंडी 12, वाटीभर मटकीची उसळ 9, दोन पोळ्या 6, दही 5, फुटाणे 6, रात्री वरण 7 आणि एक भाकरी 6, त्यात थोडं पनीर किंवा चिकन आलं की पोचलास. पावडरचा डबा घ्यायची काही गरज नाही, ते पैसे अंड्यांवर आणि भाजीवर घाल.

दुपारच्या डब्याचं आता. मावशी सकाळी साडेसातला येऊन दोन्ही वेळचं करून जातात म्हणालास, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे, फक्त त्यांना सांगायला पाहिजे काय करायचं ते. तुम्ही तिघं झोपेत असता आणि त्या फ्रिजमध्ये दिसेल ते, म्हणजे बटाटा, करून जातात, यात त्यांचा काही दोष नाही. आदल्या रात्री फ्रिजवर एक चिठ्ठी लावून ठेव, उद्या मटकी आणि दुधी, परवा पिठलं आणि मेथी, असं. डब्यात निम्म्या भागात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात उसळ किंवा घट्ट वरण किंवा पिठलं, आणि उरलेल्या पाव भागात दोन पोळ्या. भात पाहिजे तर एक पोळी कमी. गवार, दोडका, फरसबी, कोबी, पालेभाज्या हे सगळं भाजीत धरायचं, बटाटा मात्र पोळीच्या खात्यात, बटाट्याची भाजी आणि पोळी हे दोन्ही एकाच गटातलं झालं. साधी ज्वारीची भाकरी डब्यात दुपारपर्यंत वातड होते म्हणून दिवसा पोळी, आणि रात्री ताजी करणारं कुणी असेल तर भाकरी, नाहीतर आईने पाठवलेली कडक आहेच.

आणि तेल! याच्यावर कुणी बोलतच नाही. एक छोटा चमचा तेल म्हणजे 45 कॅलरी, आणि फोडणीत पळी पळी पडते. पोषण संस्थेने 2024 साली ज्या गाइडलाइन्स दिल्या त्यात 2000 कॅलरीच्या आहाराला दिवसाला माणशी 27 ग्रॅम तेल तूप धरलंय. आता हिशोब कर, एक लिटरची पिशवी म्हणजे साधारण 910 ग्रॅम, तुम्ही तिघं, सगळं घरचंच खाल्लं तरी ती अकरा दिवस पुरायला पाहिजे. आणि तुम्ही तर बाहेरचंही खाता, त्यामुळे पंधरा दिवस तरी जायला हवी. पिशवी फोडलीस की त्यावर मार्करने तारीख लिही. सहा सात दिवसांत संपत असेल तर मावशींना रागावून काही होणार नाही, सकाळी लागेल तेवढं तेल वाटीत काढून ठेव आणि यातच करा म्हणून नीट विनंती कर, आणि चव कमी लागली तर पहिले आठ दिवस कुरकुर करायची नाही हे रूममेटनाही सांगून ठेव.

कँटीनमध्ये खायची वेळ आली तर आधी कोशिंबीर आणि वरण घे, वरण दोन वाट्या माग, देतात. भात एक मूद. पापड आणि गोड वाटी ताटात घ्यायचीच नाही, ताटात आली की ती खाल्ली जातेच. जेवण झालं की लगेच खुर्चीत नको जाऊस, दहा पंधरा मिनिटं कॅम्पसमध्ये चाल, जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी उसळते आणि दुपारची ती गुंगीही कमी होते.

नाश्त्याबद्दल फार लिहित नाही. खारी बंद कर, मैदा आणि वनस्पती तूप आहे ते. पोहे खायचेत तर खा, कोण म्हणतं पोह्यांनी वजन वाढतं, पण ढीगभर पोहे आणि वर शेव असं नको, पोहे निम्मे आणि त्यात मटार, गाजर, मोड आलेले मूग, आणि बाजूला एक अंडं किंवा दही. मुगाचं धिरडंही चालेल. चहा सोडायला सांगत नाही मी, पण तुझे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 35 ग्रॅमच्या आसपास साखर नुसती चहातून जातेय, आणि जागतिक आरोग्य संघटना वरची साखर शक्यतो 25 च्या आत ठेवा म्हणते. मशीनच्या चहात साखर बहुतेक ठिकाणी आधीच मिसळलेली असते, कमी करता येत नाही. दोन कप कर आणि घरच्या चहात दर आठवड्याला अर्धा चमचा उतर.

रात्री घरी पोचशील तेव्हा साडेपाचचं पोटात असल्यामुळे तू वखवखलेला नसशील, हा सगळ्यात मोठा फायदा. मावशींनी सकाळी केलेलं वरण आणि भाजी फ्रिजमध्ये असेल, गरम करायला पाच मिनिटं, ऑर्डर यायला चाळीस. मूगडाळ जास्त आणि तांदूळ कमी अशी मऊ खिचडी, वर पालक चिरून टाकलेला, कुकरला वीस मिनिटांत होते आणि रात्री हलकी पडते. रूममेट बिर्याणी मागवतील तेव्हा आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर खा की, त्यांच्यातून उठून एकट्याने सॅलड खात बसू नकोस, ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त कुणाला जमत नाही.

रविवारची दोन तासांची तयारी मात्र चुकवू नकोस, सगळं त्यावर उभं आहे. सकाळी मंडईत जा, चार भाज्या, दोन पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, लिंबं. मटकी सकाळीच भिजत घाल, रात्री उपसून फडक्यात बांध, सोमवारी मोड येतात, डब्यात घालून फ्रिजमध्ये तीन चार दिवस छान राहते. बुधवारी रात्री हरभरे भिजव म्हणजे गुरुवार शुक्रवारचं झालं. गवार, फरसबी निवडून ठेव, पालेभाजी निवड पण धुवू नकोस, ओली ठेवली की सडते, कागदात गुंडाळून ठेव. अंडी चार एकदम उकडून सालासकट फ्रिजमध्ये.

सोमवारचा उपास सोडू नकोस असं आई म्हणते ना, मग नको सोडूस, पण साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. त्याऐवजी भगर आणि दाण्याची पातळ आमटी, दही, ताक, एखादं फळ, रताळं उकडून. टीम लंच असेल त्या दिवशी सकाळी उपाशी राहून जाऊ नकोस, अंडं खाऊन जा.

वजन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर ते उत्तम आहे, त्याहून वेगाने मागू नकोस. दिवसाला 400-500 कॅलरी कमी झाल्या की तेवढं होतं, आणि तुझ्या बाबतीत समोसा, साखर आणि रात्रीची ऑर्डर एवढ्यातच तेवढ्या निघतात. काटा रोज किलोभर इकडे तिकडे होतो, मीठ जास्त झालं, झोप कमी झाली की पाणी साठतं, म्हणून आठवड्याचा अंदाज बघ. पहिले चार किलो उतरले, म्हणजे वजनाच्या पाच टक्के, की साखर आणि बीपी दोन्हीत फरक दिसायला लागतो. तुझ्या वडिलांना डायबेटिस आहे म्हणून हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आरशात कसा दिसतोस त्यापेक्षा. सुरू करायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखव, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, थायरॉइड, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे, आणि व्हिटॅमिन बी12 या तपासण्या करून घे, आणि किडनीचा काही प्रॉब्लेम निघाला तर माझे प्रोटीनचे आकडे बाजूला ठेवून ते सांगतील तसंच कर.

पहिल्या आठवड्यात फक्त साडेपाचचा डबा सुरू कर, बाकी काहीही बदलू नकोस. दुसऱ्या आठवड्यात मावशींची चिठ्ठी आणि तेलाची वाटी. चहा तिसऱ्यात. आज रात्री आईला फोन करून कडक भाकरी पाठवायला सांग, आणि कंबर मोजून मला आकडा कळव, रिपोर्ट आले की तेही पाठव.

तुझी ताई