जुन्या घाटाची गिटार: अदलाबदलीआधी काय पाहावे?

प्रश्न: माझ्याकडे स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या) धर्तीची साधी गिटार आहे. पणजीचे एक गृहस्थ ती घेऊन डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी कंपनीच्या जुन्या गिटारची, दोन लिपस्टिक पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचे कंपन पकडणारा भाग, इथे लिपस्टिकसारख्या धातूच्या नळीतला) नवी आवृत्ती द्यायला तयार आहेत, वर थोडे पैसे मागतात. फोटोत झकास दिसते. प्रत्यक्ष भेटीत काय तपासू?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: रंग आणि चकचकीत नळ्या शेवटी पाहा, आधी नेक, म्हणजे गिटारची मान, पाहा. पिकअप, पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), जॅक (केबल लावायची जागा) हे सगळे बदलता येते. पिळलेला नेक किंवा फुगलेली बॉडी सुधारायला मात्र गिटारच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो.

हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, डोळा लावून फ्रेटबोर्डच्या (फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या फळीच्या) दोन्ही कडा पाहा. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळला आहे. असा व्यवहार तिथेच सोडा. कडा सरळ असतील तर तारा नीट ट्यून करून जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट हवी, म्हणजे साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट अजिबात नसेल तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेला आहे, अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल तर पुढे. दोन्ही दोष बहुधा ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, निघतात, पण रॉड फिरतो का ते मालकाकडूनच फिरवून पाहा. वळशाचा आठवा हिस्सा पुरे. रॉडचा नट कडक बसलेला किंवा त्याची खाच झिजलेली असेल तर पैसे कमी करायला हे सबळ कारण आहे. पन्नास-साठच्या दशकांतल्या अस्सल डॅनइलेक्ट्रोत फिरवता येणारा रॉडच नव्हता, तेव्हा कोणी ‘जुनी अस्सल’ म्हणून दाखवली तर तिथे नेकची परीक्षा दुप्पट कडक करा.

आता बॉडी. डॅनइलेक्ट्रोचे संस्थापक नेथन डॅनियल यांनी ही वाद्ये स्वस्त पडावीत म्हणून लाकडी चौकटीवर वर-खाली मॅसोनाइट, म्हणजे दाबून केलेला हार्डबोर्ड, लावला आणि कडेला विनाइलची पट्टी चिकटवली. नव्या आवृत्त्यांतही बहुधा हीच बांधणी असते, म्हणून गिटार हलकी लागली तर घाबरू नका. हार्डबोर्ड कडेने ओल ओढतो. कोकणपट्टीत राहिलेल्या वाद्याची पट्टी कुठे सुटली आहे का, तिथे बोटाला फुगवटा लागतो का, ब्रिजखाली (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागाखाली) पृष्ठभाग खचला आहे का, हे चाचपून पाहा. फुगलेला बोर्ड पुन्हा पूर्ववत बसत नाही.

ब्रिजवर लाकडाचा एकच अखंड सॅडल (तार टेकायचा ठोकळा) असेल तर प्रत्येक तारेचे इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटांवर सूर बरोबर लागणे, वेगळे लावता येत नाही. बाराव्या फ्रेटवरचे हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर पडताळा. तीन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चालेल, दहाच्या पुढे गेला तर हा ब्रिज बदलावा लागेल. सहा सॅडलचा ब्रिज असेल तर चिंता कमी: दाबलेला सूर चढा लागला की सॅडल मागे सरकवा, उतरता लागला की पुढे.

विजेच्या भागासाठी छोटा अँप बरोबर न्या. स्विच मधल्या जागी ठेवल्यावर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले, येतात, त्यामुळे आवाज एकेका पिकअपपेक्षा मोठा यायला हवा. तसे होत नसेल तर आतली वायरिंग कोणीतरी बदलली आहे, कारण विचारा. मल्टिमीटर असेल तर जॅकला केबल लावून, आवाज पूर्ण चढवून मोजा: एका लिपस्टिक पिकअपसाठी साधारण ३ ते ५ किलोओहम येते. आकडा कितीतरी पटींनी जास्त आला तर बहुधा पिकअपची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) तुटली आहे, मीटर काहीच दाखवत नसेल तर आधी केबल, जॅक आणि वायरिंग तपासा. पिकअपची नळी बंद असल्यामुळे तिची दुरुस्ती कटकटीची असते. एकावर एक दोन नॉब असलेले दुहेरी पॉट असतील तर ते हलतात का पाहा. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाईल, पण सैल दांडा जाणार नाही आणि तसा सुटा भाग चटकन मिळत नाही.

दोष आढळले तर त्यांच्या दुरुस्तीचा खर्च वरच्या पैशांतून वजा करायला सांगा, हा हिशेब दोघांनाही रास्त वाटतो.

प्रश्न: जुलैमध्ये पसंत करून घेतलेल्या गिटारचे फ्रेट मार्चमध्ये बोटांना टोचू लागले. मला फसवले का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: बहुधा नाही. पावसाळ्यात लाकूड ओल घेऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते, फ्रेटच्या धातूत मात्र तेवढा फरक पडत नाही, म्हणून त्यांची टोके बाहेर येतात. बारीक फाइलने ती घासून घ्या. पुढच्या वेळी गिटार घाटावरून किंवा कोकणातून आणल्यावर एक दिवस घरात विसावू द्या आणि मगच रॉडला हात लावा. एका वेळी पाव वळशाहून जास्त नको. केसमध्ये आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, पण कोरड्या दिवसांत त्या काढून टाका.

प्रश्न: फेंडरच्या जॅझमास्टर घाटाची एक गिटार वाजवून पाहिली. जाड आवाज येतो, टोनचा नॉब काहीच करत नाही. बिघाड म्हणून सोडून देऊ का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: आधी वरच्या बाजूचा छोटा स्लाइड स्विच खाली करा. तो वर असला की फक्त नेक पिकअप चालू राहतो आणि नियंत्रण त्याच्या शेजारच्या दोन चाकांकडे जाते, म्हणून खालचे नॉब निरुपयोगी वाटतात. १९५८ च्या मूळ रचनेत हाच प्रकार होता. तारा ब्रिजवरून उडतात किंवा खडखडतात का, हे मात्र जोरात स्ट्रम करून जरूर पाहा. तारांचा ब्रिजवरचा कोन कमी असल्याने ही जुनी तक्रार आहे. तारांचा ११ चा (सर्वांत बारीक तार ०.०११ इंच जाडीची) संच लावला आणि नेकच्या खाचेत पातळ पाचर घातली की बहुतेकदा ती मिटते.